खालच्या पायऱ्यांवरचे कार्डिनल्स

सेंट लुईस कार्डिनल्स हा बेसबॉल संघ एकाच गावात खेळत नाही. जूनमधल्या एखाद्या मंगळवारची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. मिसिसिपीच्या काठी, सेंट लुईसच्या बुश स्टेडियमवर मुख्य संघ उतरलेला असतो. त्याच नदीच्या अंगाने दक्षिणेला गेलं, की रस्त्याने साडेचारशे किलोमीटरवर मेम्फिस लागतं. ते रेडबर्ड्सचं गाव. नैर्ऋत्येला स्प्रिंगफील्डमध्ये स्प्रिंगफील्ड कार्डिनल्स, उत्तरेला इलिनॉय नदीवरच्या पिओरियात चीफ्स, आणि दूर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ज्युपिटर गावात पाम बीच कार्डिनल्स. शिवाय त्याच दिवशी दुपारपर्यंत डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सतरा-अठरा वर्षांची पोरं भर उन्हात एक सामना उरकून जेवायला बसलेली असतात. या सगळ्यांना पगार एकाच ठिकाणाहून मिळतो. दीडशेहून जास्त तरुण, आणि त्यांतले फक्त २६ जण टीव्हीवर दिसतात.

हे पुस्तक उरलेल्यांविषयी आहे. मुख्य संघाच्या १६२ सामन्यांवर इंग्रजीत दररोज ढिगाने मजकूर छापून येतो. त्यात मराठीतून भर घालण्याची मला निकड वाटली नाही. पण कार्डिनल्स म्हणजे नेमकं कोण, हे मला उमगलं ते खालच्या संघांचे धावफलक वाचायची सवय लागल्यावर. वरचा संघ म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वी पिओरियात आणि ज्युपिटरमध्ये घेतलेल्या निर्णयांचं फळ असतं. ते निर्णय घेतले जात असताना जो बघत असतो, त्याला वरचा प्रत्येक सामना वेगळा दिसतो. आणि जे वर पोचले नाहीत त्यांची नावंही त्याच्या लक्षात राहतात. माझ्या मते संघावर माया असणं म्हणजे हीच नावं लक्षात ठेवणं.

मराठी वाचकाला यातलं थोडं ओळखीचं वाटेल. भर पावसात चिखलाच्या खेळपट्टीवर चालणारी कांगा लीग ज्यांनी पाहिली आहे, एखादं नाव मैदानावरून रणजीपर्यंत आणि तिथून भारतीय संघापर्यंत चढताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना खालच्या पायरीवरच्या खेळाची गोडी सांगायला नको. मात्र एक मोठा फरक आहे. तिथे क्लब, संघटना आणि मंडळ ही वेगवेगळी घरं आहेत. इथे पिओरियाचा मालक मैदान सांभाळतो, तिकिटं विकतो, मध्यंतरी लहान मुलांच्या शर्यती लावतो. पण आज पिचर कोण, तो किती चेंडू टाकणार, तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज पुढच्या आठवड्यात संघात राहणार की नाही, यांतलं काहीही त्याच्या हातात नसतं. खेळाडू, मॅनेजर, प्रशिक्षक हे सगळे सेंट लुईसचे नोकर. गावाचा संघ, पण गावाच्या हाती नसलेला. ही व्यवस्था पहिल्यांदा समजली तेव्हा मला ती क्रूर वाटली होती. अजूनही थोडी वाटते. पण तिच्यामागचा इतिहास कळला, की ती का उभी राहिली हे तरी समजतं, आणि तो इतिहास कार्डिनल्सनीच घडवला आहे.

१९२० च्या सुमाराला कार्डिनल्स हा गरीब संघ होता. त्याचे कारभारी होते ब्रँच रिकी. रिकींची नजर तयार होती. गुणी पोरगा ते लांबून ओळखत. पण त्या काळी खालच्या लीगमधले संघ स्वतंत्र होते आणि चांगला खेळाडू जास्त बोली लावणाऱ्याला विकत. रिकींनी एखाद्याची चौकशी केली, की त्याच्यात काहीतरी आहे हे इतरांना कळायचं, आणि न्यूयॉर्कचा श्रीमंत संघ पैसे मोजून त्याला घेऊन जायचा. रिकींनी यावर उपाय काढला: खालचे संघच विकत घ्यायचे. मालक सॅम ब्रेडन यांनी जुनं मैदान विकलं, संघ सेंट लुईसच्याच ब्राउन्स या दुसऱ्या संघाच्या मैदानात भाडेकरू म्हणून गेला आणि हाती आलेला पैसा खालच्या संघांत गुंतवला गेला. फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन, सिराक्यूज अशी सुरुवात झाली. १९२६ मध्ये कार्डिनल्सनी पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली. १९४० पर्यंत त्यांच्या छत्राखाली तीसहून अधिक संघ आणि सहाशेच्या वर खेळाडू होते. १९४२ मध्ये १०६ सामने जिंकून, वर्ल्ड सिरीजमध्ये यँकीजना हरवणाऱ्या संघातले बहुतेक खेळाडू याच जाळ्यात वाढलेले होते.

जाळं हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांना ही पद्धत अजिबात पसंत नव्हती. एका मालकाच्या हाती इतकी माणसं असली, तर वर जागा नसलेला गुणी खेळाडू खालीच कुजणार, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना एका फटक्यात मुक्त केलं. त्यांत पीट रायझर नावाचा पोरगा होता. तो ब्रुकलिनला गेला आणि १९४१ मध्ये नॅशनल लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरला. पुढे रिकीही ब्रुकलिनला गेले, आणि जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून त्यांनी बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली, हे अनेकांना ठाऊक असतं. रॉबिन्सनचं पहिलं वर्ष, १९४६, खालच्या लीगमध्ये, माँट्रियल रॉयल्सकडून गेलं, हे कमी जणांना ठाऊक असतं. आणि ज्या कार्डिनल्सनी देशाला खेळाडू घडवायला शिकवलं, त्यांच्याकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, टॉम ऑल्स्टन, मैदानात उतरायला १९५४ उजाडलं. या संघावर जीव असलेल्या माणसाने ही गोष्ट झाकून ठेवू नये.

त्या अवाढव्य व्यवस्थेत माणूस कसा तगायचा, याचं माझ्या लेखी सर्वांत सुंदर उदाहरण स्टॅन म्युझिअलचं. पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या पोलाद गाळणाऱ्या गावचा हा मुलगा कार्डिनल्सकडे आला तो पिचर म्हणून. वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यमसन इथे सर्वांत खालच्या पायरीवर दोन हंगाम. १९४० मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला त्याने १८ सामने जिंकले. बॅटही बरी चालत असे, म्हणून मॅनेजर त्याला मधल्या दिवसांत आउटफील्डमध्येही उभा करत. ऑगस्टमध्ये एक झेल घेताना तो डाव्या खांद्यावर पडला, आणि तो खांदा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. पिचर म्हणून त्याची वाट तिथे संपली. वय १९, लग्न झालेलं, बायको गरोदर, पगार तुटपुंजा.

त्या संघाचे मॅनेजर होते डिकी कर. १९१९ साली शिकागो व्हाइट सॉक्सच्या काही खेळाडूंनी पैसे खाऊन वर्ल्ड सिरीज हरली, तेव्हा त्याच संघातून प्रामाणिकपणे खेळून दोन सामने जिंकणारा पिचर. कर दांपत्याने म्युझिअल दांपत्याला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं आणि पोराला हिंमत दिली. म्युझिअलने मुलाचं नाव रिचर्ड ठेवलं, करांच्या नावावरून. पुढच्या वर्षी, १९४१ मध्ये, तो स्प्रिंगफील्डला फलंदाज म्हणून उभा राहिला आणि त्याची सरासरी .३७९ होती. तिथून रॉचेस्टर, आणि सप्टेंबरमध्ये सेंट लुईस. एका हंगामात तीन पायऱ्या. कारकीर्द संपली तेव्हा त्याचे ३,६३० हिट होते: घरच्या मैदानावर १,८१५ आणि बाहेर १,८१५. या आकड्याचं सर्वांना कौतुक आहे. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की अनेक वर्षांनी म्युझिअलने करांना ह्यूस्टनमध्ये घर घेऊन दिलं. खालच्या संघाचा मॅनेजर वर्तमानपत्राच्या मथळ्यात येत नाही. पण डेटोना बीचमधल्या त्या घराशिवाय सेंट लुईसमधला म्युझिअलचा पुतळा उभा राहिला नसता, असं मी ठामपणे म्हणेन.

डिकी करसारखी माणसं या संघाच्या पोटात नेहमी होती. जॉर्ज किसेल यांना रिकींच्या काळात, १९४० मध्ये, खेळाडू म्हणून घेतलं गेलं. मुख्य संघातून ते एकही सामना खेळले नाहीत. २००८ मध्ये अपघातात मृत्यू येईपर्यंत ते कार्डिनल्सकडेच होते, आणि त्या जवळपास सात दशकांतला बराचसा काळ त्यांनी खालच्या मुलांना चेंडू कसा अडवायचा, पाय कुठे ठेवायचा, बेसवरून कधी पळायचं हे शिकवण्यात घालवला. हॉल ऑफ फेममध्ये गेलेले मॅनेजर त्यांना गुरू मानतात. सेंट लुईसमध्ये ‘कार्डिनल वे’ असं जे अभिमानाने म्हटलं जातं, ते किसेल यांच्या उन्हात रापलेल्या शिकवणीतून आलेलं आहे. बाकी सजावट नंतरची.

आता आजची व्यवस्था थोडक्यात. २०२१ पासून प्रत्येक मुख्य संघाला पूर्ण हंगाम खेळणारे चार खालचे संघ आहेत. कार्डिनल्सच्या बाबतीत खालून वर: पाम बीच, पिओरिया, स्प्रिंगफील्ड, मेम्फिस, म्हणजे अनुक्रमे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्यांच्याही खाली ज्युपिटरच्या सराव मैदानांवरची नवशिक्यांची लीग आणि डॉमिनिकन समर लीग. अमेरिकन मुलं जुलैमधल्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून, येतात. परदेशातली मुलं सोळाव्या वर्षापासून करार करू शकतात. मुख्य संघाची ४० जणांची यादी असते, त्यांतले २६ प्रत्यक्ष वर. बाकीच्यांना ‘ऑप्शन’ वापरून खाली पाठवता येतं, साधारणपणे तीन हंगाम. खाली चार-पाच वर्षं काढूनही जो त्या चाळिसांत आला नाही, त्याला डिसेंबरमध्ये दुसरा संघ उचलू शकतो. लँडिसना जी भीती वाटत होती, तिच्यावरचा हा उतारा.

या आकड्यांच्या मागे लागण्याआधी नव्या वाचकाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: खालच्या संघात जिंकणं हे मुख्य काम नाही. पिचरला सांगितलेलं असतं, की आज तुझा सर्वांत कच्चा चेंडू जास्त टाक. तो मार खातो आणि धावफलक वाईट दिसतो, पण काम झालेलं असतं. शॉर्टस्टॉपला अचानक दुसऱ्या बेसवर उभं करतात, कारण वर ती जागा दोन वर्षांनी रिकामी होणार असते. पिओरिया जूनमध्ये तक्त्यात पहिलं असेल, तर जुलैत त्याचे दोन उत्तम फलंदाज स्प्रिंगफील्डला गेलेले दिसतील. म्हणूनच या पायऱ्यांवर हंगामाचे दोन भाग करतात आणि प्रत्येक भागाचा वेगळा विजेता ठरतो. सहा महिने एकच संघ टिकत नाही. खेळाडूचं वय बघा, त्या पायरीवरच्या इतरांशी ताडून. पिचरने किती फलंदाज थेट बाद केले आणि किती जणांना चार चुकीचे चेंडू टाकून फुकट पहिला बेस दिला, ते बघा. मैदान आणि हवा लक्षात घ्या: पाम बीच ज्या लीगमध्ये खेळतं तिथे दमट हवेत, मोठ्या मैदानांत होमरन कमी निघतात, तर पिओरियात एप्रिलमध्ये बोटं गारठतात. .२४० ची सरासरी एका ठिकाणी चिंतेची असते आणि दुसऱ्या ठिकाणी आशेची.

तरीही चकवा बसतोच, आणि तो बसावा. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ४०१ नावं पुकारून झाल्यावर कार्डिनल्सनी कॅन्सस सिटीजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजातला मुलगा घेतला. २००० मध्ये पिओरियातून सुरुवात करून तो हंगामाच्या शेवटी मेम्फिसला पोचला आणि लीगचं विजेतेपद ठरवणारा होमरन त्यानेच मारला. पुढच्या एप्रिलमध्ये तो सेंट लुईसच्या संघात होता. तो अल्बर्ट पुहोल्स. कारकिर्दीच्या शेवटी ७०३ होमरन. २०११ च्या शेवटी तो लॉस एंजेलिसच्या एंजल्सकडे निघून गेला, तेव्हा भरपाई म्हणून मिळालेल्या संधीत कार्डिनल्सनी मायकेल वाका हा पिचर घेतला, आणि २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये वाका नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००९ मध्ये फक्त एक हजार डॉलर बोनस देऊन घेतलेल्या मॅट कार्पेंटरने त्याच २०१३ मध्ये १९९ हिट मारले. बोनसची रक्कम बघून पोरांची किंमत करणाऱ्यांनी कार्पेंटरचं नाव विसरू नये.

रिक अँकिएलवर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. २००० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो देशातला सर्वांत आशादायी डावखुरा पिचर होता. ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, तिसऱ्या डावात, त्याचे पाच चेंडू कॅचरच्या आवाक्याबाहेर गेले. एका डावात असे पाच चेंडू १८९० नंतर कुणी टाकले नव्हते. हाताला काही झालं नव्हतं. नेम गेला होता, आणि का गेला हे कुणाला सांगता येत नव्हतं. २००१ मध्ये त्याला मेम्फिसला पाठवलं, तिथेही तेच. मग आणखी खाली, टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या जॉन्सन सिटीला, शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांच्या लीगमध्ये. त्या छोट्या मैदानावर तो पुन्हा फलंदाजांना भराभर बाद करू लागला, आणि ज्या दिवशी पिचिंग नसे त्या दिवशी फलंदाजी करून त्याने दहा होमरन मारले. तेव्हा त्याकडे फारसं कुणी गंभीरपणे पाहिलं नाही.

२००५ मध्ये अँकिएलने पिचिंग सोडलं आणि आउटफील्डर म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा कार्डिनल्सचा खालचा संघ असलेलं क्वाड सिटीज, स्प्रिंगफील्ड, मग गुडघ्याने वाया घालवलेलं एक वर्ष, मग मेम्फिस. २००७ मध्ये मेम्फिसला ३२ होमरन. ज्यांनी ती वर्षं रोज धावफलक वाचून काढली, त्यांना ९ ऑगस्ट २००७ ची संध्याकाळ इतरांहून निराळी दिसली. बुश स्टेडियमवर तो परत आला, सातव्या डावात होमरन मारला, आणि डगआउटमध्ये टोनी ला रुसा यांच्यासारखा करड्या शिस्तीचा मॅनेजर लहान मुलासारखा टाळ्या वाजवू लागला. टीव्हीवर पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. जॉन्सन सिटीचे ते दहा होमरन ज्यांना ठाऊक होते, त्यांनी सहा वर्षांची मजुरी पाहिली होती.

आणि ऑस्कर तावेरास. सोळाव्या वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेला, अंगभर ताकद लावून बॅट फिरवणारा पोरगा. २०११ मध्ये क्वाड सिटीजला .३८६ ची सरासरी. २०१२ मध्ये स्प्रिंगफील्डने टेक्सस लीग जिंकली आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच. आम्ही त्याची वाट पाहत होतो. २०१३ मध्ये घोट्याच्या दुखापतीने आणखी एक वर्ष थांबायला लावलं. ३१ मे २०१४ रोजी त्याने मुख्य संघात पाऊल ठेवलं आणि पावसाळी दुपारी पहिल्याच सामन्यात होमरन मारला. त्या ऑक्टोबरमध्ये नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत आणखी एक, सामना बरोबरीत आणणारा. दोन आठवड्यांनी, २६ ऑक्टोबरला, मायदेशी मोटार अपघातात तो गेला. वय २२. मुख्य संघापुरतं पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो एका हंगामाचा खेळाडू होता. ज्यांनी त्याला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापासून धावफलकात पाहिलं, त्यांच्या घरातलं कुणी गेलं. मी हे अलंकार म्हणून लिहीत नाही.

पैशाविषयी लिहायलाच हवं, कारण वर्षानुवर्षं त्याविषयी न बोलण्याची रीत होती. २०२२ पर्यंत डबल-एमधल्या खेळाडूचं किमान वार्षिक वेतन १३,८०० डॉलर होतं, सिंगल-एमध्ये ११,०००. एका खोलीत चार-पाच जण हवा भरलेल्या गाद्यांवर झोपत. कुणी गावातल्या कुटुंबाने ठेवून घेतलं तर नशीब. स्प्रिंगफील्डचा संघ टेक्सस लीगमध्ये खेळतो. तिथून कॉर्पस क्रिस्टी हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे, आणि प्रवास बसने. हिवाळ्यात पोरं गोदामांत, दुकानांत काम करत. २०२२ मध्ये निवासाची जबाबदारी मुख्य संघांवर आली, त्याच वर्षी खालचे खेळाडू युनियनमध्ये संघटित झाले, आणि २०२३ च्या पहिल्या करारात डबल-एचं किमान वेतन ३०,२५० डॉलर झालं, ट्रिपल-एचं ३५,८००. त्याच वर्षी मुख्य संघातलं किमान वेतन ७,२०,००० डॉलर होतं. मेम्फिसहून सेंट लुईसला जाणारा तो चार-पाच तासांचा रस्ता म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत आहे.

या सुधारणांच्या आधी एक घाव घातला गेला होता. २०२० चा खालचा हंगाम साथीमुळे झालाच नाही, आणि २०२१ मध्ये मुख्य संघांच्या मेजर लीगने खालच्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. जॉन्सन सिटी, जिथे अँकिएल सावरला, १९७५ पासून कार्डिनल्सचं होतं, ते गेलं. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेजही गेलं. दोन्ही गावांत अजून उन्हाळ्यात बेसबॉल होतो, पण ती मुलं कॉलेजची किंवा ड्राफ्टची वाट पाहणारी. तिथला प्रेक्षक आता कुणाला सेंट लुईसपर्यंत पोचताना पाहणार नाही. कमी संघ म्हणजे खेळाडूंवर जास्त लक्ष, चांगल्या सोयी, हा युक्तिवाद मी वाचला आहे आणि त्यात तथ्यही आहे. तरी ४० गावांचा धागा तोडताना त्या गावांना कुणी काही विचारलं नाही, हे मला पटत नाही. ड्राफ्टही ४० फेऱ्यांवरून २० वर आला. चाळिसाव्या फेरीतल्या पोराला पूर्वी निदान एक उन्हाळा मिळायचा.

खालच्या पोरांविषयीची माहिती किती मोलाची असते, याचा पुरावा कार्डिनल्सच्या इतिहासातल्या सर्वांत लाजिरवाण्या पानावर आहे. पुढे त्यांच्या स्काउटिंग विभागाचा प्रमुख झालेल्या अधिकाऱ्याने ह्यूस्टनच्या मेजर लीग संघाच्या संगणकातल्या खेळाडूंविषयीच्या नोंदींत चोरून प्रवेश केला. २०१६ मध्ये त्याला ४६ महिन्यांची शिक्षा झाली. संघाला २० लाख डॉलर आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन निवडी ह्यूस्टनला द्याव्या लागल्या.

सेंट लुईस, स्प्रिंगफील्ड आणि मेम्फिस ही गावं एका माळेत कशी आली, याचं उत्तर बऱ्याच अंशी रेडिओत आहे. १९५८ मध्ये डॉजर्स आणि जायंट्स कॅलिफोर्नियात जाईपर्यंत कार्डिनल्स हा सर्वांत दक्षिणेचा आणि जवळजवळ सर्वांत पश्चिमेचा मेजर लीग संघ होता. केएमओएक्स केंद्राच्या ५०,००० वॉटच्या लहरी रात्री आर्कन्सॉ, टेनेसी, ओक्लाहोमा, मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांपर्यंत पोचत. ज्यांनी आयुष्यात बेसबॉलचं मोठं मैदान पाहिलं नाही असे लाखो लोक हॅरी केरी आणि जॅक बक यांच्या आवाजावर या संघाचे झाले. बक स्वतः कोलंबस आणि रॉचेस्टर या कार्डिनल्सच्याच खालच्या संघांचं समालोचन करून १९५४ मध्ये वर आले. या संघाने समालोचकसुद्धा खालून वर आणला! स्प्रिंगफील्डला आज आजोबा नातवाला घेऊन येतात ते स्थानिक संघासाठी जेवढं, तेवढंच त्या जुन्या आवाजांपोटी.

भारतीय वाचकाचा या जगाशी एक खरा दुवा आहे, तो दुसऱ्या संघाच्या वाटेने. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकीतून आलेल्या दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केलं. २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या नवशिक्यांच्या लीगमध्ये खेळले. रिंकू त्यानंतरही वरच्या पायरीवर गेला. त्यांच्यावर २०१४ मध्ये हॉलिवूडचा सिनेमा निघाला, पण तो मैदानावरच्या पुढच्या वर्षांपर्यंत जात नाही. फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या उन्हात, रिकाम्या बाकांसमोर, आयुष्यात कधी न खेळलेला खेळ शिकत काढलेले ते महिने मला सिनेमाहून मोठे वाटतात.

कार्डिनल्स सध्या पुन्हा त्या पायऱ्यांकडे वळले आहेत. २०२३ मध्ये ७१ विजय आणि ९१ पराभव घेऊन ते आपल्या विभागात तळाला गेले. २०२४ चा हंगाम संपताच व्यवस्थापनाने उघडपणे मान्य केलं, की खेळाडू घडवण्याच्या कामात आपण मागे पडलो आणि आता पैसा तिथे लावायचा; धुरा २०२५ नंतर हाइम ब्लूम यांच्याकडे देण्याचंही तेव्हाच ठरलं. ज्या संघाने ही पद्धत शोधली त्यानेच तिच्याकडे दुर्लक्ष करावं, याचं मला मनापासून दुःख आहे, आणि परतण्याचा आनंदही तेवढाच. दरम्यान मेसिन विन हा शॉर्टस्टॉप खालून आला. २०२२ मध्ये होतकरू खेळाडूंच्या सामन्यात ताशी १०० मैलांहून वेगाने पहिल्या बेसकडे फेक करून त्याने सगळ्यांना थक्क केलं होतं. २०२३ मध्ये व्हिक्टर स्कॉटने खाली एकाच हंगामात ९४ बेस चोरले.

पुस्तकाची मांडणी खालून वर आहे: डॉमिनिकन अकादमी, ज्युपिटर, पिओरिया, स्प्रिंगफील्ड, मेम्फिस. सेंट लुईसचं प्रकरण सर्वांत शेवटी आणि सर्वांत छोटं आहे. ज्यांना बेसबॉलचे नियम नवे आहेत त्यांनी परिशिष्ट आधी वाचावं. भारतातून पाठपुरावा करणं वाटतं तितकं अवघड नाही. मेम्फिस, स्प्रिंगफील्ड किंवा पिओरियात संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना पुण्या-मुंबईत पहाटे साडेपाचला सुरू होतो. सकाळचा चहा होईपर्यंत तीन-चार डाव झालेले असतात. मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. एप्रिलच्या सुरुवातीला पिओरियाचा संघ जाहीर होतो. त्यातलं एक नाव निवडा, शक्यतो ज्याच्याविषयी कुणी फारसं लिहिलेलं नाही असं, आणि सप्टेंबरपर्यंत ते सोडू नका.